मिडियम म्हणजे किती?

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर तुमचे केस कापून झालेले असतील. दिवाळीआधीच्या रविवारी सलूनच्या बाकावर दीड तास बसून, सकाळचे वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून पहिल्या पानापर्यंत वाचून, तुम्ही एकदाचे त्या फिरत्या खुर्चीवर चढला असाल आणि “थोडेच कमी करा हं” असे स्वच्छ मराठीत सांगितले असेल. आता आरशात काय दिसते ते मी विचारत नाही. एवढेच सांगतो, की माणसाच्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दिवाळीला बिघडलेले डोके संक्रांतीपर्यंत माणसांत येते.

शिंपी निदान टेप लावून छाती मोजतो, वहीत आकडे लिहितो आणि मग स्वतःच्या मनाप्रमाणे शिवतो. तोकडे झालेच तर शिवणीत दाबलेले कापड उसवून अर्धा इंच मिळवता येतो. डोक्याला शिवण नसते. शिवाय केशकर्तनाच्या धंद्यात टेप नाही आणि वहीही नाही. सगळा व्यवहार ‘थोडे’ आणि ‘मिडियम’ या दोन शब्दांवर चालतो. त्यातला ‘थोडे’ निदान प्रामाणिकपणे मोघम आहे. ‘मिडियम’ मात्र फसवा. गिऱ्हाइकाच्या मनात मिडियम म्हणजे आज आहेत त्याहून किंचित कमी. कारागिराच्या मनात मिडियम म्हणजे चकोटाच्या अलीकडची पायरी. दोघेही खुशीने मान डोलावतात आणि कात्री चालू होते.

आमच्या भागातल्या एका नव्या, गारेगार, काचेच्या दाराच्या सलूनमधला संवाद सांगतो.

“काका, बाजूला किती?”

“कानावर येऊ नयेत एवढंच. वर हात लावू नका.”

“बरं,” म्हणून त्या मुलाने कानापासून कपाळाच्या कोपऱ्यापर्यंत मशीन असे चढवले, की रस्ता रुंद करणाऱ्या खात्यानेही कौतुक करावे.

“अरे, हे काय?”

“फेड, काका. तुमच्या चेहऱ्याला मस्त दिसतो.”

माझ्या चेहऱ्याला काय दिसेल याचा विचार मी गेली पन्नास वर्षे करतो आहे. त्याने तो दोन सेकंदांत संपवला. पुढे तर्काने सगळे ओघानेच आले. बाजू बारीक झाल्या म्हणून वरचे केस जास्त दिसू लागले, वरचे कमी केले म्हणून मागचे जास्त दिसू लागले, आणि मागचे काढल्यावर माझा भोवरा एखाद्या चुकार शेंडीसारखा उभा राहिला. “जेल लावत जा,” असा सल्ला मिळाला. बाटली समोरच विकायला ठेवलेली होती.

यात दुष्टावा काही नाही, हे मी कारागिरांच्या बाजूने मुद्दाम सांगतो. पुष्कळ दुकानांत कारागिराला बांधला पगार नसतो, डोक्यामागे वाटा मिळतो. बाकावर आठ माणसे ताटकळत असताना माझ्या मनातल्या मिडियमची चौकशी करायला त्याला सवड कुठली? आणि हाताला सवय असते. दिवसात वीस डोकी एका वळणाने कापली, की एकविसावेही आपोआप त्याच वळणावर जाते.

पण काही गोष्टी त्या धंद्यात सर्वांना माहीत असतात आणि गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. ओला केस ताणला की लांबतो आणि वाळला की आखडतो, कुरळा तर फारच आखडतो. पाणी फवारून, कंगव्याने ताणून एक बोट कापले, तर घरी पोहोचेपर्यंत ते दीड बोट झालेले असते. डोक्यावर भोवरा असेल तिथले केस आखूड करून भागत नाही. वजन गेले की ते उभेच राहतात. मान खाली घातलेली असताना मानेवरची जी रेघ सरळ दिसते, ती मान वर केल्यावर तशी राहीलच असे नाही. आणि सर्वांत मोठा घोटाळा चष्म्याचा. आम्हां चष्मेवाल्यांना खुर्चीत बसल्याबरोबर चष्मा काढून ठेवावा लागतो. समोर भलामोठा आरसा, त्यात एक पांढरा ढग आणि त्यावर एक काळा ठिपका. तो ठिपका लहान होत चालला आहे एवढेच कळते. चष्मा परत मिळतो तो बिलाबरोबर.

“मग फोटो दाखवावा,” असे तरुण मंडळी म्हणतात. फोटोने काम सोपे होते हे खरे. १९६० साली ‘लव्ह इन सिमला’ आला आणि साधनाच्या कपाळावरची झालर देशभरच्या मुलींनी मागितली. ती झालर मुळात तिचे रुंद कपाळ झाकण्यासाठी काढलेली होती. ज्यांचे कपाळ जेमतेम दोन बोटांचे, त्यांनीही ती मागितली. २००३ साली ‘तेरे नाम’ आला, तेव्हा मधोमध भांग पाडून डोळ्यांवर केस सोडणारी मुले गल्लोगल्ली दिसू लागली. अशा वेळी “तुमचा केस पातळ आहे, हे बसणार नाही” असे सांगणारा कारागीर मला आवडतो. ऐकणे म्हणजे मुकाट कापणे नव्हे. त्याने वाद घालावा, खुशाल घालावा. फक्त तो कात्री उचलण्यापूर्वी घालावा.

आणि डोके कोणाचे, हा प्रश्न काही काचेच्या दारांबरोबर आलेला नाही. माझ्या लहानपणी, १९६५ च्या सुमारास, आमच्या गावी दर महिन्याला नाभिकदादा धोकटी घेऊन घरीच येत. पडवीत पोते अंथरले जाई आणि आमचे डोके त्यांच्या दोन गुडघ्यांत अडके. हाताने दाबायचे ते मशीन थंडगार असे, आणि धार गेलेली असली की केस कापण्याऐवजी उपटत असे. आतून वडील ओरडत, “अगदी बारीक करा हो! गणपतीपर्यंत बघायला नको.” मी गुडघ्यांतून कण्हत म्हणे, “दादा, पुढे थोडे ठेवा ना.” दादा मायाळू होते. “अण्णांना विचारतो हं,” म्हणत आणि मशीन चालवीत. ते गिऱ्हाइकाचे ऐकत नसत असे मला म्हणता येणार नाही. तंतोतंत ऐकत. गिऱ्हाईक आत झोपाळ्यावर होते आणि डोके बाहेर पडवीत, एवढेच.

त्यात माझा महिना-दीड महिना जाई. परंतु गिऱ्हाईक आत आणि डोके बाहेर, या व्यवस्थेत एके काळी या महाराष्ट्रातल्या बायकांचे जन्म गेले. नवरा वारला की उच्चवर्णीय घरांतल्या कोवळ्या पोरींचेही केशवपन होई. घरातली वडीलधारी हुकूम देत. जिच्या डोक्यावर वस्तरा फिरायचा तिला कोणी विचारीत नसे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मधल्या यमूचे काय झाले, ते वाचलेल्यांना आठवत असेल. ती कादंबरी हरिभाऊ लिहू लागले त्याच सुमारास, १८९० साली, मुंबईच्या नाभिकांनी सभा भरवली. पुढाकार होता नारायण मेघाजी लोखंड्यांचा. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ चालवणारे, गिरणी कामगारांची संघटना बांधणारे. विधवांचे केस यापुढे आम्ही काढणार नाही, असे या मंडळींनी ठरवले. शाळेत मला १८९० सालचे बरेच काही पाठ करायला लावले होते, त्यात हे नव्हते. हुकूम देणारा आणि पैसे देणारा तोच गिऱ्हाईक, हे तोवर सर्वांनी धरून चालले होते. वस्तरा हातात असलेल्या माणसांनी ते नाकारले आणि हातचे काम सोडले. या धंद्याबद्दल मी कितीही कुरकुर करीत असलो, तरी ही गोष्ट आठवली की खुर्चीत जरा सावरून बसतो.

आता बायका स्वतःहून पार्लरमध्ये जातात आणि स्वतःच पैसे देतात, तरी गाऱ्हाणे संपलेले नाही. आमच्या सौभाग्यवती दोन बोटे कापायला सांगतात. तिथली मुलगी केसांची टोके उचलून डॉक्टरी चेहरा करते. “काकू, खालचे केस फार खराब झालेत हो. काढावेच लागतील.” यात खोटे काही नाही. दुभंगलेले टोक पुन्हा जुळत नाही, ते कापण्यावाचून उपाय नसतो. पण दुभंगलेले असते बोटभर आणि जाते वीतभर.

हे हसण्यावारी नेण्यासारखेच असते असेही नाही. २०१८ साली दिल्लीच्या एका बड्या हॉटेलातल्या सलूनमध्ये एका बाई केस कापायला गेल्या. केसांच्या जाहिरातींत काम करून त्या मिळवत असत. खालून चार इंच कापा, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या तक्रारीप्रमाणे, जाड भिंगाचा चष्मा काढून, मान खाली घालून बसल्यामुळे त्यांना आरशात काही दिसत नव्हते. मान वर केली तेव्हा वरून चारच इंच उरले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ साली त्यांना दोन कोटी रुपये भरपाई देवविली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एवढ्या रकमेला पुरावा हवा असे म्हणून ती रद्द केली आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. रकमेचा प्रश्न न्यायाधीशांचा. माझे लक्ष त्या चार इंचांकडे आहे. आकडा तोच होता, मोजायचे कुठून एवढेच बोलायचे राहिले होते.

म्हणून मी आता ‘थोडे’ आणि ‘मिडियम’ हे शब्द टाकले आहेत. किती कापायचे ते सांगत नाही, किती ठेवायचे ते बोट लावून दाखवतो, आणि तेही पाणी मारण्यापूर्वी. मशीन लावायचेच असेल तर टोपीचा नंबर विचारतो. एक नंबर म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, दोन नंबर म्हणजे ६, चार नंबर म्हणजे १२. चार नंबरवरून दोनवर केव्हाही येता येते, दोनवरून चारवर यायला पंधरा-वीस दिवस लागतात. भोवरा कुठे आहे ते आधी दाखवतो. आणि निम्मे काम झाले की “जरा थांबा” म्हणून चष्मा मागतो. पहिल्यांदा मागितला तेव्हा बाकावरचे आठही लोक माझ्याकडे बघू लागले. त्यांतल्या दोघांना चष्मा होता. पुढे त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनीही मागितला.

शेवटी मानेमागे आरसा धरून “बघा साहेब” म्हणतात, त्यावर मात्र विसंबू नये. तेव्हा सारे जमिनीवर पडलेले असते. आजवर त्या आरशात बघून “छान” याशिवाय दुसरे काही म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. जे बोलायचे ते आधी बोलावे, आणि त्यासाठी कारागिराला सवड असेल अशा वेळी जावे. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास बाक मोकळा असतो आणि तोही चहा पिऊन बसलेला असतो. सोमवारी मात्र जाऊ नका, पुष्कळ ठिकाणी दुकान बंद असते.