'ए' कुठे लावावा, कुठे लावू नये?



दहावी-बारावी झालेली मुले नोकरीचा अर्ज आम्हाला दाखवायला आणतात. अक्षर सुरेख, पण मजकूर असतो, 'आय ॲम ड्रायव्हर. आय वॉन्ट जॉब.' गाडी चालवण्याशी 'ए'चा काय संबंध, असे आम्हालाही वाटते. पण असा अर्ज पुष्कळदा बाजूला पडतो, म्हणून ही गोष्ट समजून घेतलेली बरी.

मराठीत 'मी ड्रायव्हर आहे' एवढे पुरते. इंग्रजीत मोजता येणारे एकवचनी नाम असे एकटे उभे राहत नाही. त्याच्या आधी 'ए', 'ॲन', 'द' नाहीतर 'माय', 'धिस' असा एखादा शब्द लागतो. म्हणून 'आय ॲम ए ड्रायव्हर'. अनेकवचन झाले की 'ए' गळतो: 'वी आर ड्रायव्हर्स'. 'ए' म्हणजे मुळात 'एक'च, तो अनेकांपुढे कसा येईल? 'द'ला मात्र एक-अनेकाचे वावडे नाही. कोणाविषयी बोलतो आहोत हे ऐकणाऱ्याला ठाऊक असले, की 'द ड्रायव्हर'ही बरोबर आणि 'द ड्रायव्हर्स'ही.

आता 'आय वॉन्ट ए जॉब', पण 'आय वॉन्ट वर्क'. नोकऱ्या मोजता येतात, काम तसे मोजत नाहीत. 'इन्फर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर' याच प्रकारातले. त्यांना मागे 'ए' नको, पुढे 'एस' नको. दुकानावर 'फर्निचर्स' अशी पाटी दिसली तरी ती चूकच.

एकच शब्द दोन्हीकडे कसा जातो, ते बाबासाहेबांच्या लेखनाच्या दोन नावांत पाहा. १९१६ सालचा निबंध 'कास्ट्स इन इंडिया'. तिथे जाती अनेक, मोजण्याजोग्या, म्हणून 'एस'. १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जात ही सबंध व्यवस्था आहे, ती मोजायची नाही. म्हणून तिच्यापुढे 'ए'ही नाही, 'द'ही नाही. तिथे 'ऑफ ए कास्ट' असते, तर कुठल्यातरी एकाच जातीचे उच्चाटन, असा भलताच अर्थ झाला असता!

राहिले 'ए' की 'ॲन'. त्यासाठी स्पेलिंग पाहू नका, शब्द देवनागरीत लिहून पाहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आले तर 'ए'. 'ॲन ऑनेस्ट मॅन', 'ॲन अवर', 'ॲन एस.एस.सी. सर्टिफिकेट', पण 'ए युनिव्हर्सिटी'. इंग्रजी न शिकलेल्या आईलाही घरी हा अर्ज तपासता येईल. मुलाला तो मोठ्याने वाचायला लावावा आणि प्रत्येक नामापाशी थांबवून विचारावे, 'मोजता येते का? एक की अनेक?'

वर्षाच्या शब्दापाशी तेवढे जपा. आपण 'इयर' लिहितो, पण इंग्रज सुरुवातीला 'य' उच्चारतो; म्हणून 'ए इयर'. 'ॲन इअर' म्हटले, तर ऐकणाऱ्याला वर्षाऐवजी कान ऐकू येईल.