तरतूद : कायद्यातली आणि खतावणीतली



‘तरतूद’ हा शब्द पेढीवर चालतो, तसाच विधिमंडळातही चालतो. मात्र दोन्हीकडचा अर्थ एक नाही. व्यापारी तरतूद करतो तेव्हा तेवढी रक्कम बाजूला काढून ठेवतो. कायद्यात तरतूद होते तेव्हा पुष्कळदा कलम छापले जाते आणि रक्कम शोधायची राहून जाते. शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्याबाबत आज आपली अवस्था नेमकी अशीच आहे. परीक्षांच्या आणि निकालांच्या दिवसांत या विषयावर हळहळ पुष्कळ व्यक्त होते. या लेखात हळहळ बाजूस ठेवून, कायद्याने आपल्या मुलांच्या नावे काय जमा केले आहे आणि ते पदरात कसे पाडून घ्यावे, एवढाच हिशेब मांडतो.

प्रथम जमेची बाजू पाहू. २००९चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातील सतरावे कलम शाळेतील शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. एकोणतिसावे कलम म्हणते की, मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहील असे शिक्षण असावे. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आला आणि २०१८मध्ये अमलात आला. मानसिक आरोग्याचे संवर्धन आणि आत्महत्या रोखण्याचे कार्यक्रम आखणे हे त्याने केंद्र व राज्य सरकारांचे कर्तव्य ठरवले. लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेसे तज्ज्ञ उपलब्ध व्हावेत यासाठी सरकारांनी प्रयत्न करावेत, असे सांगून त्यासाठी दहा वर्षांचा अवधीही दिला. तो २०२८ साली संपतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मुदत भरत आली आहे.

आता नावेची बाजू. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपवले. त्यांपैकी १,७६४ आपल्या महाराष्ट्रातील होते आणि राज्यांच्या यादीत हा आकडा सर्वांत मोठा होता. हे आकडे लिहिताना हात जड होतो. यातील प्रत्येक एककामागे एक घर आहे.

या पार्श्वभूमीवर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती संदीप मेहता यांच्या खंडपीठाने तपास सीबीआयकडे सोपवला आणि त्याबरोबर पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. योग्य कायदा होईपर्यंत ती देशभर बंधनकारक आहेत. सरकारी आणि खासगी शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग, वसतिगृहे या सर्वांना ती लागू होतात.

त्यातील मुख्य गोष्टी प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवाव्यात. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करून ठेवली पाहिजे. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे बंद झाले पाहिजे. शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण मिळाले पाहिजे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावले पाहिजेत. पालकांसाठीही प्रबोधनाचे कार्यक्रम झाले पाहिजेत. नावे गुप्त ठेवून केलेल्या कामाचा वार्षिक अहवाल संस्थेने वरिष्ठ यंत्रणेला दिला पाहिजे.

‘न्यायालय सांगते, पण प्रत्यक्षात काही होत नाही,’ असा सूर येथे निघेल. त्यावर आपल्याच व्यवहारातील एक उदाहरण देतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध ‘विशाखा’ प्रकरणातील मार्गदर्शक तत्त्वे १९९७ साली आली, कायदा मात्र २०१३ साली झाला. मध्ये सोळा वर्षे गेली. परंतु आज दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या पेढीला अंतर्गत समिती नेमावी लागते, हे आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक आहे. तत्त्वांचा कायदा होतो आणि कायद्याचा रिवाजही होतो, पण त्यासाठी मागणारे लागतात. शाळकरी मुलाला सोळा वर्षे थांबता येत नाही. तोपर्यंत त्याचे बालपणच सरून जाते.

खरी अडचण पैशाची आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. सरकारी आणि अनुदानित शाळांत कोणती पदे भरायची हे संचमान्यतेवर ठरते. समुपदेशकाचे पद मंजूर करून त्याच्या वेतनाला लेखाशीर्ष दिले नाही, तर कितीही चांगले तत्त्व भिंतीवरच्या फलकापुरते उरते. मग समुपदेशनाचे काम एखाद्या शिक्षिकेच्या गळ्यात पडते. तिला आधीच जनगणना, निवडणूक आणि पोषण आहाराच्या नोंदी असतात. म्हणून राज्याने यावर स्वतंत्र कायदा करावाच. पण त्या कायद्यात कलमाबरोबर पद आणि पदाबरोबर निधी असावा. आपल्या लोकप्रतिनिधींना भेटताना आपण रस्ता, पाणी, कर हे विषय काढतो. त्या यादीत हाही एक विषय घालावा.

आपल्यापैकी अनेकांची मुले खासगी शाळांत जातात, तेव्हा सरकारी शाळेचा आपल्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. पनवेलच्या बाजारपेठेत दुकान उघडणारा नोकर, कळंबोलीच्या लोखंड बाजारात माल चढवणारा हमाल, आपल्या घरी स्वयंपाकाला येणारी ताई यांची मुले बहुधा महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकतात. ताण त्या मुलांनाही असतो, किंबहुना अधिकच असतो. फरक इतकाच की त्यांच्या पालकांना तज्ज्ञाची फी परवडत नाही आणि कुणाकडे दाद मागावी हे ठाऊक नसते. शाळेतला समुपदेशक ही आपल्या मुलासाठी एक सोय असेल. त्यांच्या मुलासाठी तो बहुधा एकमेव आधार असेल.

त्या पालकांच्या हातीही एक अधिकार आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते. त्या आराखड्यात ‘समुपदेशकाची गरज’ ही एक ओळ लिहून घेता येते. आयुष्मान भारत योजनेतील शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करावयाचे असते आणि त्यांच्या विषयांत भावनिक व मानसिक आरोग्यही येते. आमच्या शाळेतले ते दोन शिक्षक कोण, एवढा साधा प्रश्न समितीत विचारता येतो. आपल्या दुकानातील माणसाला हे समजावून सांगायला आपली दहा मिनिटे पुरतील. सभेच्या दिवशी त्याला दोन तासांची पगारी सुट्टी दिली, तर ते दान कुठल्याही पावतीपेक्षा मोठे ठरेल.

आपल्यातील पुष्कळ सद्गृहस्थ शिक्षणसंस्थांचे विश्वस्त आहेत. त्यांना एक विनंती. शाळेला खोली बांधून दिली, पाणपोई दिली, की देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. समुपदेशकाच्या वर्षभराच्या वेतनाला पाटी लावायला जागा नसते, म्हणून त्या खर्चाला देणगीदार मिळत नाही. तरीही पुढच्या अंदाजपत्रकात हा खर्च प्रथम धरावा. शंभराहून अधिक विद्यार्थी असतील, तर तो आता ऐच्छिकही राहिलेला नाही. एकाच संस्थेच्या लहान लहान शाळा असतील, तर त्यांनी मिळून एका तज्ज्ञाशी करार करावा.

आता घरातील गोष्ट. आपल्याकडे अशी बाब झाकून ठेवण्याची सवय आहे. ‘स्थळे यायची बंद होतील’, ‘धाकट्या बहिणीचे कसे होणार’, ‘बाजारात बोलतील’ ही भीती खोटी नाही. पण तिच्यापायी मुलाला वर्ष वर्ष उपचाराविना ठेवणे हा फार महागडा सौदा आहे. २०१७च्या कायद्यातील तेविसाव्या कलमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. उपचार करणारे त्याची माहिती बाहेर सांगू शकत नाहीत. पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून कुटुंबे पोलिसांच्या भयाने रुग्णालयातही खरे सांगत नसत. त्याच कायद्याच्या ११५व्या कलमाने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिची काळजी घेण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या दंडसंहितेतील ते ३०९वे कलमही गेले. तेव्हा डॉक्टरांपासून काही लपवू नये.

विम्याबाबतही एक सूचना. मानसिक आजारावरील उपचारांसाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा उपलब्ध करून द्यावा, असे याच कायद्याचे एकविसावे कलम सांगते. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८मध्ये कंपन्यांना तसे निर्देशही दिले. आपली पॉलिसी काढून वाचावी. अनेक पॉलिसींत रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च मिळतो, तज्ज्ञाकडील नियमित भेटींचा मिळत नाही. नूतनीकरणाच्या वेळी हे विचारून घ्यावे.

बँकेत कर्जखाते एका दिवसात बुडत नाही. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते. पण त्याआधी तीस, साठ दिवसांच्या टप्प्यांवर त्याची विशेष नोंद होते. बुडण्याआधी हात देता यावा म्हणूनच ती नोंद असते. मुलांच्या बाबतीतही अशा नोंदी दिसतात. झोप उडणे किंवा अति झोप, जेवणावरची इच्छा जाणे, मित्रांना टाळणे, आवडत्या खेळाचा कंटाळा येणे, ‘मी नसलो तरी चालेल’ असे बोलणे. यांतील काही दोन आठवडे टिकले तर रागावू नये, उपदेश करू नये. शांतपणे विचारावे, ऐकावे आणि तज्ज्ञाकडे न्यावे. शेवटच्या वाक्यासारखे काही मूल बोलले, तर मात्र दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घरातील दूरध्वनीच्या यादीत आजच लिहून ठेवावा.

‘आमच्या वेळी कुठे होते समुपदेशक?’ असे आमच्या पिढीचे लोक म्हणतात. नव्हते, हे खरे. पण तेव्हा एका छपराखाली आजी, काका, आत्या असत. बापाने रागावले तर मूल कुणाच्या तरी पदराआड जाई. शिवाय तेव्हा ज्यांचे ऐकायला कुणी नव्हते, त्यांची गणतीही कुणी ठेवली नाही. आज घरे लहान झाली आणि स्पर्धा मोठी झाली. त्या पदराची जागा भरून काढण्याची जबाबदारी काही अंशी शाळेवर आली आहे, आणि कायद्याने ती मान्य केली आहे.

धनादेशावर सही झाली म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. तो तीन महिन्यांच्या आत खात्यात भरावा लागतो. कायद्याने मुलांच्या नावे धनादेश लिहिला आहे. तो भरणे आपल्याकडे आहे. पालकसभेचे पुढचे निमंत्रण येईल तेव्हा फी आणि गणवेश यांच्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘आपल्या शाळेत समुपदेशक कोण आहेत, आणि मुलांना ते कधी भेटतात?’