"विश्वास ठेव, बरी होशील" हे वाक्य जरा आवरूया

कॅन्सरचा रिपोर्ट हातात आला की आपल्या ख्रिस्ती घरांत दोन गोष्टी हमखास घडतात. एक, फादरांना फोन जातो. दोन, कुणीतरी येऊन सांगतं, "विश्वास ठेव, बरी होशील." पहिली गोष्ट फार मोलाची आहे. दुसरीबद्दल आज जरा स्पष्ट बोलायचंय. काहींना राग येईल, पण पूर्ण वाचा ही विनंती.

आमच्या वसईतलंच सांगतो. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं. त्या काळात तिला धीर कशानं आला? वाडीतल्या चार बायका रोज संध्याकाळी यायच्या, तिच्या खाटेजवळ बसून रोझरी म्हणायच्या. केमोला सोबत कोण जाणार याच्या पाळ्या त्यांनी आपसात लावून घेतल्या होत्या. पहाटेची लोकल, दादरला उतरायचं, तिथून टॅक्सीनं परळ. रविवारी चर्चला जाता आलं नाही तर ख्रिस्तप्रसाद घरी यायचा. मावशी म्हणायची, "देव मला बरं करेल की नाही ते मला काय माहीत! पण रात्री दुखायला लागलं की एवढं माहीत असतं, मी एकटी नाय."

मग कुणीतरी तिला एका प्रार्थनासभेला घेऊन गेलं. बाहेरून आलेले प्रचारक, मोठा मांडव, माईक. तिथे सांगितलं गेलं की ज्याच्या मनात शंका नाही तो बरा होतोच, आणि औषध घेणं म्हणजे शंका घेणं. मावशीनं औषध सोडलं नाही, नशीब. पण पुढचे पंधरा दिवस ती एकच विचारत होती, "माझा विश्वास कुठे कमी पडला?" आजार होताच, त्यावर हा आरोप चढला. केस गेले तेव्हा न रडलेली बाई या प्रश्नानं रडली.

माझं म्हणणं एवढंच आहे. श्रद्धेतून मिळणारा दिलासा आणि बरं होण्याची हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हमी दिली की दिलासा मरतो. कारण गाठ वाढली, तर दोष देवाचाही नाही आणि हमी देणाऱ्याचाही नाही, तो थेट पेशंटच्या माथी जातो.

आणि हे काही बायबलच्या विरुद्ध बोलत नाहीये. योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून बघा. जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू दोन्ही नाकारतो. आजार आणि पाप यांची गाठ त्यानं स्वतः तोडली, आणि आपण ती पुन्हा बांधतो! गेथशेमाने बागेत येशूनं स्वतः दुःख टळावं म्हणून प्रार्थना केली. ते टळलं नाही. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

ईयोबाचे मित्रही आठवा. तो राखेत बसलेला, अंगभर फोड. मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. पुढे तोंड उघडलं, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणून उपदेश सुरू केला, आणि सगळं बिघडलं. पुस्तकाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर.

आता कुणी विचारेल, मग काय, नवस करायचा नाही? बरं होण्यासाठी प्रार्थना करायची नाही? का नाही करायची! बांद्र्याच्या मोत माउलीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, पाय वाहणारी माणसं बघा. त्यात ख्रिस्ती असतात, हिंदू असतात, सगळे असतात. मागणं हा लेकराचा हक्क आहे. पण मागणं वेगळं आणि दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देऊन टाकणं वेगळं. चमत्कारी उपायानं कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्यानंच बंदी आहे. हे मांडववाल्यांना लागू, तसंच अंगारा, ताईत विकणाऱ्या बाबालाही.

खरं तर दिलासा कसा द्यायचा हे ख्रिस्ती माणसांनी जगाला प्रत्यक्ष करून दाखवलंय. सिसिली सॉन्डर्स ही लंडनची बाई आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाली. पक्की श्रद्धाळू. तिनं 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. त्यासाठीची पहिली देणगी एका मरणाऱ्या ज्यू पेशंटनं मागे ठेवलेली, 500 पौंडांची. तिचं सांगणं असं की दुखणं एकट्या शरीराचं नसतं. मनाचं असतं, घरच्या काळजीचं, पैशाचं असतं, आत्म्याचंही असतं. म्हणून एका हातात प्रार्थना आणि दुसऱ्या हातात वेळेवर दिलेलं मॉर्फिन, दोन्ही पाहिजेत.

आपल्याकडे हेच काम कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांनी 1986 मध्ये बांद्र्याला शांती अवेदना सदन काढून सुरू केलं. भारतातलं हे पहिलं हॉस्पिस, मोत माउलीच्या शेजारीच. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटची तिथं मोफत सेवा होते, सिस्टर्स ती करतात, आणि धर्म कुणी विचारत नाही. तिथे चमत्काराची हमी मिळत नाही. जखम धुतली जाते, वेदना कमी केली जाते, हात धरला जातो. माझ्या मते साक्ष म्हणतात ती हीच.

म्हणून आपापल्या धर्मग्रामांत तीन गोष्टी व्हाव्यात असं वाटतं.

एक, कॅन्सर पेशंटसाठी सोबतीची यादी. केमोला कोण जाणार, डबा कोण देणार, महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या कागदांसाठी कोण धावणार. लोकलच्या दिव्यांग डब्यात कॅन्सर पेशंटला बसता येतं, हेही कितीतरी जणांना ठाऊक नसतं. सांगायला माणूस हवा.

दोन, आजाऱ्याला तेल लावून करायची प्रार्थना शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवू नका. "फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलं" ही भीती अजून घराघरांत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (1962-65) स्पष्ट सांगितलंय की हा संस्कार फक्त मरणाऱ्यासाठी नाही. मोठ्या ऑपरेशनच्या आधीही घेता येतो.

तीन, सरकारकडे मागणी. मॉर्फिनवरचे जाचक नियम सैल व्हावेत म्हणून 2014 मध्ये अंमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मग वेदना कमी करण्यासाठी पालघरच्या माणसानं मुंबई का गाठायची? हे औषध आणि ते द्यायला शिकलेले डॉक्टर, नर्स आपल्या जिल्ह्यातच मिळायला हवेत. उमेदवार मत मागायला येतात तेव्हा रस्ते, पाण्यासोबत हेही विचारा.

आणि तुमच्या ओळखीत कुणाला कॅन्सर निघाला असेल तर आज जाऊन या. काय बोलावं सुचत नसेल तर बोलू नका, बसा. प्रार्थना करायची असेल तर आधी तिला विचारा, करू का म्हणून. आणि निघताना "विश्वास ठेव" म्हणण्याऐवजी "गुरुवारी केमोला मी येतो" असं म्हणा. आणि गुरुवारी खरंच जा.

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नसेल तर खाली लिहा, बोलूया.