कॅरेट आणि लाख

धावड्याहून लग्नाच्या दागिन्यांसाठी जळगावचा सराफ बाजार गाठणाऱ्या कुटुंबाला ‘कॅरेट’चे दोन अर्थ ठाऊक असावेत. सोन्यात ती शुद्धता होय : 22 कॅरेट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोने, म्हणून 916 चा शिक्का. हिऱ्यात मात्र ते वजन. 5 कॅरेटचा 1 ग्रॅम. तरी मोठी तूट येते ती ढोबळ वजनात. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते. पोत्याचे बारदान वजा केल्यावाचून मालाचे पैसे न मोजणारा व्यापारी हीच लाख सोन्याच्या भावाने घरी आणतो! पुढे तारण ठेवताना बँक खडे व लाख वगळून निव्वळ वजनच धरते. ते वजन आणि खड्यांची किंमत पावतीवर खरेदीच्या दिवशीच स्वतंत्रपणे लिहून घ्यावी.