पदवी आणि सर्वोच्च पद



व्यवस्थापनाची पदवी हाच सर्वोच्च पदाचा राजमार्ग, हे गेल्या अंकातील पत्राचे प्रतिपादन घाईचे वाटते. अंधेरीत मुख्यालय असलेल्या हिंदुस्तान युनिलिव्हरचेच उदाहरण घेतले, तर अभियांत्रिकीनंतर जमनालाल बजाज संस्थेत व्यवस्थापन शिकलेले नितीन परांजपे १९८७ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून तेथे रुजू झाले आणि २००८ मध्ये प्रमुख झाले. मधली २१ वर्षे कोणत्या अभ्यासक्रमाच्या खात्यावर जमा करायची, हे पत्रलेखकाने सांगितलेले नाही. त्यांच्यानंतर २०१३ मध्ये त्याच खुर्चीवर आलेल्या संजीव मेहता यांची मूळ पात्रता तर सनदी लेखापालाची.

व्यवस्थापन शिक्षणाचा कणा असलेली 'केस पद्धत', म्हणजे एखाद्या कंपनीपुढील खऱ्या पेचाचा लेखी वृत्तान्त वर्गात चर्चेला घेणे, विश्लेषणाची सवय निश्चितच लावते. मात्र त्या वृत्तान्तात प्रश्न कोणता हे आधीच कुणीतरी ठरवलेले, आकडे निवडून मांडलेले असतात आणि निर्णय चुकला तरी कुणाची नोकरी जात नाही. अंधेरीच्याच एस. पी. जैन संस्थेत विद्यार्थ्यांना आसपासच्या वस्त्यांतील मुलांचे मार्गदर्शक व्हावे लागते, ही त्या उणिवेची प्रामाणिक (आणि बहुधा अपुरी) कबुली मानता येईल.

शिवाय, ज्या कंपन्या अधिकारपदाच्या पहिल्याच पायरीवर या पदवीची अट घालतात, त्यांच्या शिखरावर पदवीधरच दिसणे हा शिक्षणापेक्षा प्रवेशाच्या चाळणीचा परिणाम होय.

— एक वाचक, मुलुंड