कचरा निवडणाऱ्या हातांचं काय?

भावांनो, अजमान आणि उम्म अल कुवैनच्या घरगुती कचऱ्यासाठी उम्म अल कुवैनमध्ये प्लांट उभा आहे. क्षमता दिवसाला १००० टनांपर्यंत. जळण्यासारखा कचरा वेगळा काढून सिमेंट कारखान्यांना कोळशाऐवजी इंधन म्हणून द्यायचा. वाळवंटात पुरण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

पण कुठल्याही निवडणी प्लांटमध्ये लोहचुंबक लोखंड ओढतं, चाळणी माती पाडते, आणि उरलेल्या बऱ्याच गोष्टींना शेवटी माणसाचे हात लागतात. लोकांनी एकाच पिशवीत कोंबलेलं सगळं त्या बेल्टवर येतं. डायपर, फुटकी काच, इन्सुलिनच्या सुया.

सुई टोचली की आपला माणूस गप्प बसतो. का, ते सगळ्यांना ठाऊक आहे. व्हिसा रिन्यू करताना रक्त तपासतात, एचआयव्ही निघाला तर घरी पाठवतात. त्या भीतीने टोचलेलं लपवायचं, हाच सगळ्यात मोठा धोका. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. म्हणून जखम साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुपरवायझरकडून लेखी नोंद करून घ्या. तो टाळत असेल तर त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर तारीख-वेळ घालून कळवा, तोही पुरावाच. २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कामगार कायद्यात कामावरच्या दुखापतीचा उपचारखर्च मालकाकडे आहे, आणि काम करता येत नसेल तर सहा महिन्यांपर्यंत पूर्ण पगार. हातमोजे देणं हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. हिपॅटायटिस बी ची लस मागा, तीन डोस असतात. दाद लागली नाही तर कामगार मंत्रालयाचा नंबर ६००५९००००.

उन्हाळ्यातली साडेबारा ते तीनची सुट्टी उघड्यावर, थेट उन्हात काम करणाऱ्यांसाठी आहे. पत्र्याच्या शेडमधला माणूस त्यात बसत नाही. शेडमध्ये ऊन नसतं, भट्टी असते! हा नियम बदलायलाच हवा असं माझं मत आहे.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. तिथल्या बायकांनी घरोघर सांगितलं, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे हात घालण्याआधी कळतं. इथे युनियन काढता येत नाही, पण ठिपका काढायला कोण अडवतंय? कॅम्पमध्ये शुगरवाले किती आहेत ते मोजा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, टेपने बंद करा आणि वर अरबी, हिंदी, इंग्रजीत 'सुई' लिहा.