वटपूजा आणि वटवृक्षाचे व्रण

ज्येष्ठी पौर्णिमेस घरोघरीच्या सुवासिनी वडाच्या बुंध्याभोवती सूत गुंडाळतात आणि पतीच्या दीर्घायुष्याची याचना करतात. हे व्रत श्रद्धेने पाळले जावे, यात आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्या वृक्षाकडे आपण आयुष्य मागतो, त्याच्या स्वतःच्या आयुष्याची विचारपूस कधी करतो काय? हा प्रश्न आजच्या पुण्यदिवशी वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

डहाणू आणि तलासरी हा मुलूख वृक्षांशी जिव्हाळ्याने बांधलेला आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी जगभर नेलेल्या वारली चित्रांत माणसाइतकेच स्थान झाडाला आहे. डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक असल्याचे केंद्र शासनाने १९९१ साली घोषित केले, तेही उगीच नव्हे. तथापि याच भागातील जुन्या वृक्षांकडे निरखून पाहिल्यास त्यांच्या अंगावर अनेक घाव दिसतील.

शेंडा मोडलेला, साल गेलेला वृद्ध वृक्ष प्रथम ओळखावा कसा? बुंध्यावर नवा कोंब फुटला असेल, तर तो पाहावा. वड, पिंपळ व उंबर या तिघांचाही चीक पांढरा असतो. म्हणून केवळ चिकावर विसंबू नये. पान जाड, रुंद व बोथट टोकाचे असेल तर वड. पानाचे टोक शेपटीसारखे लांब असेल तर पिंपळ. फळांचे घोस थेट खोडावर लगडले असतील तर उंबर. वडाला पारंब्यांची साक्षही असते.

ओळख पटली की घाव वाचावेत. शेंड्यापासून खाली लांबच लांब सालीची पट्टी निघाली असेल तर ती बहुधा विजेची खूण. बुंध्याशी एकाच बाजूस काळवंडलेली ढोली असेल तर ती अग्नीची. वाऱ्याने मोडलेली फांदी चिरफाळते. कोयत्याचा घाव सरळ असतो. भातरोपांसाठी राब भाजताना ज्या ऐनाच्या फांद्या वर्षानुवर्षे छाटल्या गेल्या, त्याच्या खोडावर गाठी येतात. हा घाव गरिबाच्या पोटासाठी आहे. त्याला दोष देण्यास आम्ही धजणार नाही. परंतु फलकासाठी ठोकलेला खिळा, फांदीला आवळलेली तार, ढोलीत लावलेला कापूर आणि मुळांचा श्वास कोंडणारा सिमेंटचा पार, यांना कोणती गरज सांगावी?

येथे एक शास्त्रीय सत्य ध्यानी घ्यावे. माणसाची जखम भरते, तशी झाडाची भरत नाही. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली व १९७७ साली आपला निष्कर्ष मांडला: झाड जखमी भागाभोवती भिंती घालून कुजणे कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढविते. जुना घाव आत तसाच राहतो. डांबर वा रंग फासल्याने तो बरा होत नाही. प्रत्येक नव्या घावाला नवी भिंत बांधताना झाडाची शक्ती खर्च होते, आणि वृद्ध झाडाजवळ ती मुळातच थोडी असते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गुजरातेकडे गेले. अशा वाऱ्यापुढे आतून पोखरलेला वृक्ष टिकेल काय?

तरीही वडाची जीवनेच्छा अपूर्व आहे. कोलकात्याजवळील शिबपूरच्या उद्यानातील महावटास १८६४ व १८६७ च्या वादळांनी घायाळ केले. पुढे त्याचे मूळ खोड कुजले व १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. परंतु पारंब्यांच्या आधारावर तो वृक्ष आजही उभा आहे. म्हणून पारंबी तोडणे म्हणजे वृद्धाच्या हातची काठी हिरावणे होय.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली नागरी भागातील ५० वर्षांवरील झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. कायदा आपले काम करील. घरातील माउलीचे काम त्याहून मोठे आहे. वडाची फांदी तोडून घरी पुजण्याची वा बाजारातून विकत आणण्याची प्रथा आता थांबावी. वडापर्यंत जाणे शक्य नसेल तर पाटावर वडाचे चित्र काढून पूजा करावी. जवळ वड असेल तर सूत सैल गुंडाळावे, दिवा बुंध्यापासून दूर ठेवावा, आणि पावसाळा सुरू होताच वडाचे एक रोप लावावे.

सत्यवान अरण्यात लाकूड तोडीत असतानाच त्याला ग्लानी आली, असे महाभारत सांगते. कुऱ्हाड खाली पडली, आणि मग सावित्रीने यमाकडून प्राण परत मिळविले. त्या कथेचे स्मरण करणाऱ्यांनी त्याच दिवशी वडावर कोयता चालवावा, हे सावित्रीस रुचेल काय? वडाला जे आयुष्य मागावयाचे, ते प्रथम वडाला द्यावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.